मलम कोणी लावलं

पिपरी मेघे,
५ मे २०२५

ती. आईस,
काजलचा सा. जयभीम.

तुझं पत्र वाचून बाबांच्या खांद्याचं दुखणं कमी झालं हे कळलं, बरं वाटलं. काल धीरज मला चिडवत होते की आजकाल कोणी कागदावर पत्र लिहितं का. मी म्हटलं, माझ्या आईला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तिला मुंग्यांची रांग वाटतात, तर काय कबुतर पाठवू? अनुपदादा ऑफिसला येता-जाता दुकानावर थांबतो म्हणून आपलं टपाल चालतं. पण घरात येत नाही. भाचा पाहायचा तर धीरज त्याला दुकानावर आणून दाखवतात. हे काही बरं दिसत नाही, आई.

इथे पंचेचाळीसच्या वर ऊन आहे. कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी टाकावं लागतं. रजू आता हुंकार देतो, मामंजींच्या मिशा पाहून हसतो. दुकान बंद करून आले की त्यांना तेवढंच काम.

आता खरं सांगायचं ते. शुक्रवारपासून त्याच्या लंगोटाच्या जागी लाल झालं आहे. आधी ढुंगणावर गुलाबी होतं, आता जांघेतल्या घड्यांपर्यंत गेलं. लघवी झाली की किंचाळतो. सासूबाई म्हणतात, डायपरनं झालं, आमच्या लेकरायले कधी झालं नाई. त्या सुती लंगोट बांधतात आणि वर पावडर टाकतात. खोबरेल तेलात हळद कालवून लावते असंही म्हणत होत्या, मी थांबवलं. रात्री मी डायपरच लावते, नाहीतर दर तासाला उठावं लागतं. गेल्या आठवड्यात मी एकदाही सलग दोन तास झोपले नाही.

काय करू ते सविस्तर लिही. आणि जमलं तर ये. तुझ्या हाताखालून इतकी मुलं गेली, एकदा आपलंही पाहा.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
काजल

•

देवळी,
६ मे २०२५

चि. सौ. काजल हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. घाबरू नकोस. अठ्ठावीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात काढली, अशी लाल झालेली बुडं मी शेकड्यांनी पाहिली. नीट केलं तर तीन-चार दिवसांत उतरतं.

डायपर काही दिवस बंद. रात्रीसुद्धा. ओलं झालं की लगेच बदलायचं, तो रडेपर्यंत वाट पाहायची नाही. साबण नको, ते वासाचे ओले कागदही नकोत. उकळून कोमट केलेलं पाणी आणि कापसाचा बोळा. घासू नको, टिपून घे. मग पंधरा-वीस मिनिटं त्याला तसाच उघडा लोळू दे, दिवसातून चार-पाच वेळा. अंथरूण भिजेल, भिजू दे. पूर्ण कोरडं झालं की झिंकचं मलम, तेही भाकरीवर लोणी थापतात तसं जाड. पुढच्या वेळी ते खरवडून काढायचं नाही, मळलेलं तेवढं पुसून वर नवा थर दे. पावडर अजिबात नको, ती घड्यांत साचते आणि बाळाच्या नाकातोंडात जाते. हळद तर नकोच. दुसरं कुठलंही मलम मला विचारल्याशिवाय लावू नको.

तीन दिवसांत फरक पडला नाही, घड्यांच्या बाहेर लाल लाल ठिपके उठले, पू दिसला किंवा अंग गरम लागलं, तर माझ्या पत्राची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी डॉक्टर. अडीच महिन्यांच्या बाळाचा ताप घरी बघत बसायचा नसतो. अनुपच्या मोबाईलवर फोटो पाठव, तो मला मोठा करून दाखवेल.

येण्याचं म्हणशील तर नाही. नामकरणाच्या दिवशी मी रजूच्या डोळ्यांतलं काजळ पुसलं तेव्हा तुझ्या सासूबाई काहीतरी बोलल्या आणि सगळा मांडव हसला. मला ऐकू आलं नाही, म्हणून मीही सगळ्यांबरोबर हसले. बसस्टँडवर अनुपला विचारलं, तर त्यानं तिकिटाच्या मागे लिहून दिलं. हे घर हाय, सरकारी दवाखाना नाई. नर्सबाईले ऐकू येत नाई तेच बरं हाय. तू म्हणतेस सोडून दे. मी बहिरी आहे, काजल, मला अक्कल नाही असं नाही.

रोज दोन ओळी तरी लिही.

तुझी चिंता उशाशी घेऊन झोपणारी,
आई

•

पिपरी मेघे,
९ मे २०२५

ती. आईस,
सा. जयभीम.

खूशखबर! रजूचं लाल एकदम उतरलं. सकाळी दादाच्या मोबाईलवर फोटो पाठवला आहे, पाहा. दोन दिवसांत नव्यासारखी कातडी झाली. सासूबाई पाहतच राहिल्या. मी म्हटलं, पाहा, डायपरचा काही दोष नव्हता.

काल तो चक्क तीन तास झोपला आणि मीही. उठल्यावर मला वाटलं मी दुसऱ्याच कुठल्या बाईच्या घरात आहे.

एक विचारायचं होतं, असंच. एखाद्या औषधानं गुण आला तर ते लगेच बंद करायचं की आणखी काही दिवस लावत राहायचं?

बाबांना जयभीम. पौर्णिमेला खीर कराल तेव्हा माझ्या वाटणीची बाबांना देऊ नको, त्यांची साखर वाढते.

तुझ्या शाबासकीची वाट पाहणारी,
काजल

•

देवळी,
१० मे २०२५

चि. सौ. काजल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. अनुपनं बोटांनी मोठा करून दाखवला. छान आहे. फारच छान आहे, म्हणून लिहिते.

या उन्हात, घड्यांपर्यंत गेलेलं लाल, झिंकच्या मलमानं दोन दिवसांत असं पुसल्यासारखं जात नाही. हळूहळू फिकं होतं, मग साल निघते. तू काय लावलंस? औषध असा शब्द तू लिहिलास. मी औषध सांगितलं नव्हतं, मलम सांगितलं होतं. की तुझ्या नकळत कोणी काही लावतं आहे? नाव, असेल तर ट्यूबचा फोटो, लगेच पाठव.

मी शंकेखोर झाले आहे असं तुझे बाबा म्हणतात. असेन.

उत्तर उद्याच हवं असलेली,
आई

•

पिपरी मेघे,
१४ मे २०२५

ती. आईस,
सा. जयभीम.

चार दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. लिहायला हातच मोकळा नव्हता.

ते परत आलं, आणि आधीसारखं नाही. पौर्णिमेच्या दिवसापासून सुरू झालं. जांघेत लालभडक आहे, कातडी चकाकते, पातळ कागदासारखी दिसते. बाहेरच्या बाजूला बारीक ठिपके आहेत, पोटापर्यंत. आज सकाळी एका घडीत पिवळं ओलसर काहीतरी चिकटलेलं होतं. पाणी लावलं की तो श्वास रोखून रडतो, ओठ निळे पडतील की काय अशी भीती वाटते. मी डायपर केव्हाच फेकून दिले. उघडा ठेवते, झिंक लावते, सगळं तू सांगितलं तसं करते.

तू विचारलंस कोणी काही लावतं का. मी अंघोळीला जाते, स्वयंपाकघरात असते, तेव्हा तो सासूबाईंजवळ असतो. त्या काय करतात ते मला कसं कळणार?

अंग अजून गरम नाही. धीरज म्हणतात, उद्या दवाखान्यात दाखवू. दादाला आज लवकर निघायला सांगितलं आहे, म्हणजे हे तुला उजेडातच मिळेल. काय करू, आई?

काजल

•

देवळी,
१४ मे, संध्याकाळी

काजल,

उद्या सकाळी उघडल्याबरोबर सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या. रात्रीतून अंग तापलं किंवा दूध ओढलं नाही तर सकाळचीही वाट पाहू नका, आहे त्या गाडीनं निघा. काय काय लावलं ते डॉक्टरांना एकूण एक सांगायचं, लाज धरायची नाही. हे पत्र आणि तुझ्या सासूबाईंचं वेगळं पत्र घेऊन अनुप आत्ताच परत निघतो आहे.

आई

•

देवळी,
१४ मे २०२५

सौ. देवकाबाई यांस,
कांताचा नमस्कार.

तुमच्या घरी काय चालावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही, हे तुम्ही नामकरणाच्या दिवशी चारचौघांत सांगितलंच. तरी लिहिते, कारण त्या घरात माझा नातू आहे.

माझ्या मुलीनं लावू नका म्हटल्यावरही तुम्ही त्याच्या अंगाला तिच्या पाठीमागे काही लावत आहात, असं मला दिसतं आहे. हळद असो, पावडर असो, कोणाच्या सांगण्यावरून आणलेला लेप असो. बाळाची कातडी म्हणजे तुमच्या दुकानातलं पोतं नाही. माझी मुलगी दुसऱ्या समाजातली, तिचं ऐकलं तर तुमचा मान कमी होतो, असं असेल तर तो राग तिच्यावर काढा, लेकरावर नको.

रजतच्या जिवाला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही. हे धमकी म्हणून घ्या.

कांता

•

सेवाग्राम,
१५ मे २०२५

कांताताईस,
देवकाचा नमस्कार.

पहिले लेकराचं सांगतो. पहाटे त्यानं दूध ओढलं नाई. आंग तव्यावानी लागत होतं. मी काजलले उठवलं, धीरजनं गाडी केली, उजाडता उजाडता इथं आलो. एकशे एक ताप निंघाला. डॉक्टरीनबाईनं लगेच भरती करून घेतलं. रक्त काढलं. सलाईनसाठी शीर सापडत नव्हती, तीनदा टोचलं. तिसऱ्या खेपेले तो रडला बी नाई, नुसता पाहत राह्यला. ते मले पाहवलं नाई. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसली आन तिथंच बसून लिहून राह्यली. डॉक्टरीनबाई म्हनते का कातडीतून रोग आत गेला, पन वेळेवर आणलं. दोन दिवस पाहू म्हनते.

आता तुमच्या पत्राचं. ते काल धीरजनं मले वाचून दाखवलं. माह्या चष्म्याची काडी तुटली हाय, हे बी काच डोळ्याशी धरून लिहून राह्यली. म्हनून मी काय काय केलं ते मले माह्या पोराच्या तोंडून समजलं.

पावडर मी लावत होती, खोटं काऊन बोलू. काजलनं तुमचा निरोप सांगितला त्या दिवशी डबा शेजारच्या शोभाबाईले देऊन टाकला. हळद लावतो म्हटलं होतं, लावली नाई. लंगोट उकळत्या पान्यातून काढतो आन उन्हात वाळू घालतो, इतकंच माह्यं काम. समाजाचं तुम्ही लिहिलं. लग्नाच्या येळी मले वाईट वाटलं होतं, हे खरं हाय. पन लेकरू पोटाशी आलं तवापासून मले ते आठवलं नाई. आठवन तुम्ही दिली.

कोनी काय लावलं ते विचारत बसायची ही येळ नाई. तुम्ही मले सोडनार नाई म्हनता. ताई, या पोराले काही झालं तर मीच मले सोडनार नाई.

या. वार्ड पहिल्या माळ्यावर हाय. मी बाहेरच बसून राहीन, तुमाले माह्यं तोंड पाहावं लागनार नाई.

देवका

•

सेवाग्राम,
१७ मे २०२५

ती. आईस,
सा. जयभीम.

रजूचा ताप काल रात्रीपासून नाही. आज सकाळी त्यानं दोन्ही बाजूंचं दूध घेतलं. सलाईन अजून आहे, हाताला फळी बांधली आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू पत्र खाली ठेवशील.

काल तू तीन तास माझ्याजवळ बसलीस. रजूच्या पायाचा तळवा धरून बसलीस. जाताना बाहेर सासूबाई बसल्या होत्या, त्यांच्यासमोरून तू मान न वळवता निघून गेलीस. मी खिडकीतून पाहत होते. मला तेव्हाच ओरडून सांगायचं होतं. पण तुला सांगायचं म्हणजे सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगावं लागतं. नाही, हे कारण झालं. मला धीर नव्हता.

मलम मी लावलं, आई.

सात तारखेला. तुझं पत्र आलं होतं, सगळं कळलं होतं. पण दर तासाला उठायचं, धुवायचं, उघडं ठेवायचं, आणि सासूबाईंनी दिवसातून चार वेळा डायपरचं नाव काढायचं. मला त्यांना दाखवायचं होतं की माझं चुकलं नाही. दुकानाचं सामान आणायला म्हणून वर्ध्याला गेले तेव्हा एका मेडिकलवाल्याला फोटो दाखवला. त्यानं डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. ट्यूब दिली, म्हणाला दोन दिवसांत साफ. आणि दोन दिवसांत खरंच साफ झालं. तुला पाठवलेला फोटो त्या दिवशीचा. मी रात्रीचे डायपर पुन्हा सुरू केले. तू नाव विचारलंस तेव्हा ट्यूब वाचली. नायटा, खरूज, खाज, असं लिहिलेलं. घाबरून बंद केली, तर दोन दिवसांत दुप्पट उठलं. मग पुन्हा लावली, जास्त लावली. उशीच्या अभ्र्यात ठेवत होते.

परवा डॉक्टरांनी विचारलं, काय काय लावलं. मी म्हटलं, झिंक. सासूबाईंनी पिशवीतून ती ट्यूब काढून टेबलावर ठेवली. निघायच्या गडबडीत उशी उचलताना त्यांना सापडली होती. त्या एवढंच बोलल्या की घरात हे लावत होते. कोण ते सांगितलं नाही. डॉक्टरांना वाटलं, त्याच. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, की यात स्टिरॉइड असतं, लाली दाबतं, पण बाळाची कातडी पातळ करतं, आणि वर डायपर बांधला तर ते अंगात जास्त मुरतं. मुळात बुरशी झाली होती, ती या मलमाखाली वाढत गेली, आणि ओरबाडलेल्या जागेतून दुसरा संसर्ग आत शिरला. हे सगळं डॉक्टरीणबाई सासूबाईंकडे पाहून बोलत होत्या. आजीबाई, तुमचा जमाना वेगळा होता, असं म्हणाल्या. सासूबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर धीरज त्यांना म्हणाले, काल कांताबाईचं पत्र वाचलं तेव्हाच खरं सांगितलं असतं तर? त्यांनी पोटच्या पोराकडे पाहिलं आणि बाकड्यावर जाऊन बसल्या.

मी तेव्हाही गप्प राहिले. दोन दिवस झाले, अजून गप्प आहे.

मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते. नर्सबाईची मुलगी. सांग, मी काय करू.

काजल

•

देवळी,
१७ मे २०२५, संध्याकाळी

चि. सौ. काजल हिस,

पत्र खाली ठेवलं होतं. अंगणात दोन चकरा मारल्या आणि परत उचललं.

तुझ्या गालावर एक चपराक मारावी असं वाटलं, आणि त्याच हातानं तुझे केस विंचरावे असंही वाटलं. दोन्ही इथून होत नाही.

मलम लावलंस ही चूक आहे. अशी चूक करणाऱ्या शंभर आया मी पाहिल्या. झोप नसलेली बाई दोन दिवसांत साफ करणारं काहीही विकत घेते. मी त्यांना रागावायची, आणि रागावल्यामुळे पुढच्या वेळी त्या माझ्यापासून लपवायच्या. हे मला नोकरी सुटल्यावर कळलं. तुला तर मी लहानपणापासून रागावले. माझ्या घरात माहीत नाही असं म्हणायची सोय नव्हती. त्याचा हिशोब माझ्याकडे आहे, तो मी पाहीन.

पण चौदा तारखेच्या पत्रात तू जे वाक्य लिहिलंस, त्या काय करतात ते मला कसं कळणार, ती चूक नाही. ते तू जाणून केलंस. त्या वाक्यावर मी माझं विष ओतलं.

काय करू विचारतेस. धीरजला आज सांग. चिठ्ठी लिहून नाही, तोंडानं. त्याच्या आईसमोर सांग. आणि डॉक्टरांनाही सांग, म्हणजे किती दिवस आणि किती लावलं ते त्यांना नीट कळेल. त्यांना ते लागतं. मग जे होईल ते होऊ दे. तो बोलणार नाही, चिडेल. सोस.

आणि जेव. उपाशी राहून पश्चात्ताप केलास तर दूध आटेल.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
आई

•

देवळी,
१८ मे २०२५

सौ. देवकाबाई यांस,
कांताचा स. न. वि. वि.

काजलनं मला सगळं लिहिलं आहे. मी तुम्हाला जे पत्र पाठवलं त्यातला एकही आरोप खरा नव्हता. मी न विचारता, न पाहता लिहिलं. अठ्ठावीस वर्षं मी बायकांना सांगत आले की आधी तपासा, मग बोला. माझ्यावर आलं तेव्हा मी तपासलं नाही, कारण मला तुमचा राग होता आणि त्याला जागा हवी होती.

परवा दवाखान्यात मी तुमच्यासमोरून निघून गेले. तुम्ही उठून उभ्या राहिलात हे मला डोळ्यांच्या कडेनं दिसलं होतं.

मला क्षमा करा. ट्यूब तुम्हाला सापडली होती, खरं तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात माझ्या मुलीचं नाव घेतलं नाही. का, ते मला समजत नाही. समजून घ्यायची इच्छा आहे. मी कधी, कुठे येऊ ते कळवा.

तुमची,
कांता

•

पिपरी मेघे,
२२ मे २०२५

कांताताईस,
देवकाचा नमस्कार.

काल सुट्टी झाली, घरी आलो. लेकरू चांगलं हाय. जांघेतली लाली उतरत हाय, बुरशीचं मलम दिलं ते दिवसातून दोनदा काजल लावते आन मी पाहतो. दिवसभर उघडाच असते. माह्यी तीन लुगडी भिजवली त्यानं.

तुम्ही विचारलं, नाव काऊन घेतलं नाई. तुमच्यावर उपकार म्हनून नाई. तिच्यावर माया आली म्हनून बी नाई. मले तिचा इतका राग आलता का हात उठला असता. पन त्या दिवशी त्या पोराले दुधाचीच गरज होती. वार्डात सगळ्यायनं तिले बोललं असतं, नवऱ्यानं बोललं असतं, तं ती मोडली असती, आन दूध आटलं असतं. मले बोलले तं काय आटते? म्हनून चूप राह्यली.

तिनं गेल्या रविवारी धीरजले सांगतलं, माह्यासमोर. डॉक्टरीनबाईले बी सांगतलं. धीरज बाहेर निंघून गेला, सांजच्याले आला आन माह्या पायाजवळ बसला. तिच्याशी अजून बोलत नाई. होईल.

तुमचं माफीचं पत्र भेटलं. ताई, राग गेला असं मी लिहित नाई, कारन गेला नाई. कागदावरची माफी मले नको. ते पहिलं पत्र माह्या पोरानं वाचलं, तं हे बी त्याच्यासमोरच व्हावं. रविवारी जेवाले या, काजलच्या बाबाले आन अनुपले घेऊन. मी नामकरनाच्या दिवशी जे बोलली ते चारचौघायत बोलली, मी बी चारचौघायतच वापस घेतो. तुमाले ऐकू येईल असं समोर उभं राहून बोलतो.

आन येताना मले शिकवाची तयारी ठेवा. तो लंगोट कितीदा बदलावा, पानी किती कोमट असावं, हे मले तुमच्या हातानं पाहू द्या. काजल सांगते तं ते तुमचंच सांगते, मंग मधात ती काऊन?

देवका

•

पिपरी मेघे,
२७ मे २०२५

ती. आईस,
सा. जयभीम.

रविवारी तू आलीस, जेवलीस, रजूला मांडीवर घेऊन सगळ्यांना धडा दिलास. तरी हे पत्र लिहिते, कारण बरंच काही तुझ्या पाठीमागे बोललं गेलं आणि तुला ऐकू आलं नाही. आजपासून जे तुला ऐकू येणार नाही ते मी लिहून कळवत जाईन, चांगलं असो की वाईट.

सासूबाई तुझ्यासमोर उभ्या राहून जे बोलल्या ते तू ओठांवरून वाचलंस. तू त्यांचा हात धरून जे बोललीस ते मात्र जरा जास्त मोठ्यानं झालं. तुला अंदाज येत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. मी खोटं लिहिलं, मी तुमच्यावर आळ घेतला, असं तू म्हणत होतीस आणि समोरच्या घरातली माणसं गच्चीवर आली. मामंजींनी दार लावायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी मानेनंच नको म्हटलं. तू बोलत होतीस तोवर दार उघडंच राहिलं.

तू आत रजूला पुसत होतीस तेव्हा शोभाबाई आल्या. त्यांनी विचारलं, शेवटी लेकराले कोनी काय लावलं होतं म्हणे? सासूबाई काही बोलायच्या आत मी सांगितलं की मी लावलं होतं. शोभाबाई हळू आवाजात म्हणाल्या की त्यांच्या लेकीनंही हेच आणलं आहे, नातीसाठी, आठ दिवसांपासून लावते. सासूबाईंनी त्यांना तिथूनच परत फिरवलं, म्हणाल्या, ट्यूब घेऊन ये, पोरीले घेऊन ये, आताच्या आता. ती मुलगी तू तपासलीस ती हीच. सोमवारी ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. वेळेत गेलं म्हणाले, फक्त मलम बदलून दिलं.

तुझ्या मागे सासूबाई मला काय म्हणाल्या तेही लिहिते. म्हणाल्या, तुह्या मायचा राग मी समजू शकतो, तुह्यं चूप राहनं मले अजून समजत नाई. रोज सकाळी त्या लंगोट उकळतात आणि मी वाळू घालते. दोरीच्या दोन टोकांना दोघी. एवढंच सध्या आहे.

रजूची कातडी आता जवळपास पूर्वीसारखी झाली. उजव्या जांघेत थोडा फिका डाग आहे, डॉक्टर म्हणाल्या जाईल, काही महिने लागतील. परवा तपासणीला न्यायचं आहे.

धीरज आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होते. दूध आणलं, गाडी आली, इतकंच. काल दुपारी जेवायला आले तेव्हा रजू उघडा लोळत होता. हात धुऊन ते त्याच्याजवळ बसले आणि माझ्याकडे न पाहता विचारलं की लंगोटाची घडी कशी घालतात. मी दाखवली. त्यांनी घातली ती वाकडी झाली, एक टोक पायात अडकलं. मी माझ्या हातानं सरळ केली नाही. पुन्हा दाखवली. त्यांनी सोडली, पुन्हा घातली, गाठ जरा सैल बसली पण बसली. आणि ती बसते न बसते तोच रजूनं सगळं ओलं करून टाकलं, अगदी त्यांच्या मांडीवर. ते उठले नाहीत. मला म्हणाले, दुसरा दे.

इथली काळजी करू नकोस, पण विचारत राहा.

तुझ्या रागाला आणि लोभाला दोन्हीला हक्कदार असलेली,
काजल